शिट्टी वाजवणाऱ्याच्या बाजूने

थायलंडची सहल करून आलेल्या माणसाला माया बेबद्दल विचारून बघा. बँकॉकची खरेदी, फुकेतचं हॉटेल, क्राबीचे डोंगर यांच्याबद्दल तो भरभरून बोलेल. माया बेचं नाव काढलं की मात्र सूर बदलतो. सकाळी उठून, स्पीडबोटीत हाडं खिळखिळी करून घेत तिथवर जायचं आणि समुद्रात पोहायचं नाही! पाणी गुडघ्याच्या वर गेलं की उद्यानाचा रखवालदार शिट्टी फुंकतो. बोट किनाऱ्याला लावत नाहीत, बेटाच्या मागच्या अंगाला उतरवतात. तिथून फळ्यांच्या वाटेनं चालत जायचं, फोटो काढायचे आणि तासाभरात परत फिरायचं. 'यापेक्षा आपलं तारकर्ली काय वाईट?' असा या तक्रारीचा समारोप असतो.

यातला एकही तपशील खोटा नाही. नियम आहेत तसेच आहेत आणि शिट्टीही वाजते. माझं भांडण आहे ते या तपशिलांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. पर्यटकाची फसवणूक झाली, पर्यावरणाच्या नावाखाली सामान्य माणसाच्या आनंदावर बोळा फिरवला, असा तो निष्कर्ष आहे. मला नेमकं उलटं दिसतं. ज्या नियमावर सगळ्यात जास्त राग आहे, तो पोहण्याच्या बंदीचा नियमच सामान्य पर्यटकाला तिथे पाऊल ठेवू देतो. तो उठला तर पहिला बाहेर पडेल तो तक्रार करणाराच.

आधी जागा समजून घेऊ. को फी फी ले हे अंदमान समुद्रातलं चुनखडीच्या सरळसोट कड्यांचं छोटं, निर्मनुष्य बेट आहे. ते क्राबी प्रांतात येतं आणि १९८३ साली घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. त्याच्या एका कुशीत, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेला, उथळ पाण्याचा हा उपसागर आहे. वाळूचा पट्टा जेमतेम अडीचशे मीटर लांबीचा. म्हणजे जुहूच्या चौपाटीचा एखादा कोपरा. एवढ्याशा जागेवर २०१८ पूर्वी एकेका दिवसात पाच हजारांच्या वर माणसं आणि दोनशेपर्यंत बोटी येत होत्या. किनाऱ्याच्या दर मीटरमागे दिवसाला वीस माणसं, असा हा हिशेब पडतो. त्यातही बहुतेक सगळ्या सहली भर दुपारच्या त्याच चार-पाच तासांत येणार. त्या काळातले फोटो आजही सापडतात. त्यांत वाळू कमी आणि बोटींची नाकं जास्त दिसतात.

त्या बोटी नुसत्या उभ्या नसत. प्रत्येक बोट नांगर टाकी, आणि नांगर पडे तो प्रवाळावर. उथळ पाण्यात पंखा फिरला की तळची वाळू उसळे आणि जिवंत प्रवाळावर जाऊन बसे. प्रवाळ दिसायला दगड असला तरी तो बारीक जिवांची वसाहत असतो. त्या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करतात आणि यजमानाला पोसतात. वर गाळाचा थर चढला की ऊन तुटतं, शैवालं उपाशी मरतात आणि त्यांच्यामागून प्रवाळ. शिंगांसारख्या फांद्यांचा प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर तरी वाढतो. गोट्यासारखा भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर, कधी तेवढाही नाही. नांगराला तो तोडायला एक क्षण लागतो. माया बेतला बहुतांश प्रवाळ असाच गेला, तेव्हा १ जून २०१८ रोजी सरकारनं उपसागर बंद केला. आधी चार महिन्यांपुरता, मग ऑक्टोबरात बेमुदत. तो पुन्हा उघडला १ जानेवारी २०२२ रोजी.

'सगळं जग कोविडमध्ये बंद होतं, त्यात यांचं काय कौतुक?' असं यावर कोणी म्हणतं. तारखा बघा. काळ्या टोकाच्या परांचे शार्क मासे उपसागरात परतलेले दिसले ते २०१८ सालीच, बंदी लागल्यावर काही महिन्यांत. कोविडचं नाव तेव्हा कोणी ऐकलेलं नव्हतं. बोटी थांबल्या आणि मासे आले, इतका सरळ मामला होता.

या शार्कचं प्रकरण जरा तपशिलानं सांगायला हवं, कारण शिट्टीचं खरं कारण तेच आहे. हा मासा वाढून वाढून दीड मीटरच्या आसपास होतो आणि माणसाला बघून तोच लांब पळतो. मादी एका वेळी दोन ते पाच जिवंत पिल्लं देते. त्यांची पहिली शाळा म्हणजे कमरेइतकं उथळ, उबदार, शांत पाणी. मोठे शिकारी मासे तिथवर येत नाहीत, म्हणून पिल्लं वाचतात. आता पर्यटकाला पोहायला कुठलं पाणी हवं असतं? तेच कमरेइतकं उथळ, उबदार, शांत पाणी. दोघांची मागणी एकाच पट्ट्यावर आहे. माणसं पाण्यात शिरली की शार्क खोल पाण्यात सरकतात आणि पिल्लं तिथे शिकाऱ्यांच्या तोंडी जातात. गुडघ्यापर्यंतच जाण्याचा नियम त्या पट्ट्याची हद्द आखतो: गुडघ्यापर्यंत तुम्ही, त्यापुढे ते.

आता माझ्याच बाजूला अडचणीचा ठरणारा एक आकडा. उपसागर पुन्हा उघडला तेव्हा एका तासाच्या फेरीला ३७५ माणसं, अशी मर्यादा ठरली. ती ऐकायला कडक वाटते. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या भरल्या तर दिवसाची बेरीज चार हजारांच्या वर जाते. म्हणजे पूर्वीच्या गर्दीच्या मानानं घट फारशी नाही. नियमांना नावं ठेवणाऱ्यांपैकी जे हुशार आहेत ते इथे बोट ठेवतात: माणसं जवळजवळ तेवढीच येणार असतील, तर संवर्धनाचं हे नाटक कशाला?

हा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर तक्रार करणाऱ्याच्याच विरोधात जातं. डोकी जवळजवळ तेवढीच असूनही उपसागर सावरू शकतो, याचा अर्थ त्याला मारत होती ती नुसती डोक्यांची संख्या नव्हती. त्याला मारत होत्या आत येणाऱ्या बोटी, नांगर, ढवळलेला गाळ आणि पाण्यात उतरलेली शरीरं. आता बोटी मागच्या लोह सामाह उपसागरातल्या तरंगत्या धक्क्याला लागतात. लोक लाकडी वाटेवरून येतात, त्यामुळे झुडपं तुडवली जात नाहीत. आणि पाण्यात कोणी पोहत नाही. तीनचार हजार माणसांचा भार या तीन गोष्टींवर तोललेला आहे. 'बाकी नियम राहू द्या, फक्त पोहू द्या' ही मागणी ऐकायला साधी वाटते. पण ज्या खांबावर छप्पर उभं आहे तोच सरपणाला मागावा, तशी ती आहे.

पोहू दिलं तर काय करावं लागेल, हे बघायला हवाईला जाऊ. ओआहू बेटावर हनाउमा बे नावाचा असाच अर्धगोल, प्रवाळाचा उपसागर आहे. तिथे पाण्यात उतरता येतं. पूर्वी तिथे दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसं येत. आज ही संख्या हजार-दीड हजारांत आवरलेली आहे. आगाऊ नोंदणी करावी लागते, बाहेरून आलेल्यांना घसघशीत शुल्क पडतं, दर आठवड्याला उपसागराला सुट्टी असते आणि आत सोडण्याआधी प्रवाळावर पाय का ठेवायचा नाही हे सांगणारी चित्रफीत सक्तीनं दाखवतात. पोहण्याचा हक्क ठेवला, तर माणसांची संख्या कापावी लागली. माया बेनं उलटी निवड केली: संख्या बरीचशी ठेवली, पोहणं कापलं. थोड्यांनी डुंबायचं की पुष्कळांनी बघायचं, यांतलं एकच मिळतं. दोन्ही मागणाऱ्याला २०१८ सालचा उपसागर मिळतो.

पहिला पर्याय आणखी पुढे नेला तर कुठे पोचतो, हे मालदीव दाखवतो. एक बेट, एक रिसॉर्ट या धोरणावर तिथलं पर्यटन उभं राहिलं. ज्यानं खोलीचं भाडं भरलं त्याच्या दारातच समुद्र, हवं तेवढं डुंबा, शिट्टी कोणी फुंकणार नाही. कारण तिथे गर्दी येऊच शकत नाही, भाड्यानंच ती दारात अडवलेली असते. माया बेत उद्या फक्त तीनशे जणांनाच रोज प्रवेश द्यायचा आणि त्यांना मनसोक्त पोहू द्यायचं ठरलं, तर ते तीनशे जण कोण असतील? हप्त्यांवर सहलीचे पैसे भरणारं नाशिकचं किंवा सोलापूरचं कुटुंब त्यांत नक्की नसेल. त्या तिकिटाचा लिलाव होईल, आणि लिलावात कोण जिंकतं हे सांगायला नको. म्हणून शिट्टी फुंकणारा तो रखवालदार मला सामान्य पर्यटकाचा वैरी वाटत नाही. त्याच्या शिट्टीमुळेच इतक्या स्वस्तात इतक्या लोकांना आत सोडणं परवडतं.

आता सगळ्यात बोचरा आरोप. तो उघडपणे कमी आणि चहाच्या टेबलावर जास्त ऐकू येतो. गोऱ्या लोकांनी वीस-वीस वर्षं तिथे डुंबून घेतलं, दारू पिऊन नाचून घेतलं. आपली पाळी आली, विमानाचं तिकीट आपल्याला परवडायला लागलं, नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडनं व्हिसाही माफ केला, तेव्हा नेमकी शिट्टी वाजली. जेवण त्यांनी जेवायचं आणि उष्टी आपण काढायची!

या संतापात तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. माया बे जगाला माहीत झाला तोच एका परदेशी चित्रपटामुळे. ॲलेक्स गारलंडच्या १९९६ सालच्या कादंबरीवर डॅनी बॉयलनं 'द बीच' काढला. लिओनार्डो डिकाप्रिओ नायक होता आणि चित्रपट २००० साली पडद्यावर आला. गोष्टीत एक गुप्त किनारा आहे. तो जगापासून लपवण्याच्या खटपटीत तिथे जमलेल्या भटक्यांची वाताहत होते. चित्रीकरणासाठी मात्र खरा किनारा पुरेसा सुंदर वाटेना. मग यंत्रं लावून वाळूचे उंचवटे सपाट केले, तिथली झुडपं उपटली आणि पडद्यावर शोभतील म्हणून नारळाची झाडं आणून लावली. वाळू धरून ठेवणारी झुडपं गेल्यावर पुढे किनाऱ्याची धूप झाली, हा तिथल्या लोकांचा आक्षेप. स्थानिक संस्था न्यायालयात गेल्या. तो वाद वीसहून अधिक वर्षं चालला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयात मिटला. किनाऱ्याच्या पुनर्वसनासाठी चित्रपट कंपनीनं १ कोटी बाट द्यायचं कबूल केलं.

तेव्हा अन्याय झाला हे खरंच. पण तो कोणावर झाला? आपल्यावर नंतर, आधी त्या किनाऱ्यावर आणि क्राबीच्या लोकांवर. त्याची भरपाई म्हणून उरलंसुरलं आपण संपवायचं, हा कुठला न्याय? शिवाय शिट्टी पासपोर्ट बघून वाजत नाही. जर्मन असो, चिनी असो की खुद्द थाई, गुडघ्याची हद्द सर्वांना एकच आहे. आणि पाळीचीच भाषा करायची तर ती पुढेही लागू होते. २०२४ साली एकवीस लाखांच्या आसपास भारतीय थायलंडला गेले. आपल्यामागून येणाऱ्यांची रांग आपल्यापुढे गेलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. आपल्या पोरानातवांची पाळी येईल तेव्हा त्यांनी आपल्याविषयी हेच म्हणायचं का?

पैशाच्या तक्रारीलाही थोडं उत्तर देणं लागतं. उद्यानाचं शुल्क परदेशी प्रौढाला ४०० बाट आहे आणि थाई माणसाला त्याच्या कितीतरी कमी. 'बघा, परदेशी दिसला की कापला!' हे म्हणण्याआधी अजिंठा-वेरूळच्या तिकीटखिडकीवरचा फलक आठवावा. तिथे भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये, असा दर आपणच लावलेला आहे. हा न्याय आपण जगाला लावतो, तर जगानं आपल्याला लावला म्हणून ओरड कशाला? एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पुरातत्त्व खात्याच्या दरपत्रकात बिमस्टेक देशांचे नागरिक भारतीयांच्या बरोबरीनं मोजले जातात आणि थायलंड त्या गटात आहे. म्हणजे थाई पाहुण्याला वेरूळ आपण ४० रुपयांत दाखवतो. तेव्हा थायलंडनंही भारतीयांना तशी सवलत द्यावी, अशी मागणी रास्त आहे आणि ती सरकारांच्या पातळीवर जरूर करावी. त्यातून पोहण्याची परवानगी निघत नाही, एवढंच. ४०० बाटांत तुम्ही उपसागराच्या राखणीचा खर्च उचलता. उपसागर विकत घेत नाही.

पोटापाण्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. किनारे बंद करणारे अधिकारी पगारी असतात, उपाशी राहतो तो होडीवाला, मालिश करणारी बाई, शहाळी विकणारा पोरगा. त्यासाठी फिलिपिन्सच्या बोराकाय बेटाचं उदाहरण दिलं जातं, आणि ते बिनतोड आहे असं देणाऱ्याला वाटतं. बोराकायच्या चार किलोमीटरच्या पांढऱ्या वाळूनं २०१७ साली वीस लाखांच्या आसपास पर्यटक खेचले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्या बेटाला सांडपाण्याचा हौद म्हटलं. २६ एप्रिलला अख्खं बेट पर्यटकांना बंद झालं ते सहा महिने, २६ ऑक्टोबरपर्यंत. बेटावर बंदूकधारी पोलीस आले. हजारो कामगारांची मिळकत एका फटक्यात थांबली. सांडपाणी चोरून समुद्रात सोडलं होतं हॉटेलांनी, बांधकामांकडे वर्षानुवर्षं डोळेझाक केली होती कार्यालयांनी, आणि रोजगार बुडाला भांडी घासणाऱ्याचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिथल्या कामगारांच्या बाजूनं जो बोलतो त्याच्याशी माझं अजिबात भांडण नाही.

पण या उदाहरणातून निघतं काय? बोराकायला टाळं लागलं ते मर्यादा घातल्यामुळे नाही, त्या वेळेवर न घातल्यामुळे. बेट पुन्हा उघडलं तेव्हा एका वेळी १९,२१५ पर्यटक, अशी हद्द ठरवली आणि हॉटेलांना सांडपाण्याच्या अटी लावल्या. हेच दहा वर्षं आधी केलं असतं तर एकाही कामगाराला सहा महिने घरी बसावं लागलं नसतं. जो मर्यादेला विरोध करतो तो टाळ्याची तयारी करतो. फी फीच्या होडीवाल्याचं हित प्रवासी पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी आणि त्याच्या मुलाच्या हयातीतही येत राहण्यात आहे. उपसागर आता दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने बंद असतो, ते दिवसही समजून निवडलेले आहेत. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत अंदमान समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे धंदा तसाही मंदीचा. त्याच किनाऱ्यापासून थोड्या उत्तरेला असलेली सिमिलान बेटं तर पावसाळ्यात मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. कोकणातला कोणीही मच्छीमार ही रीत समजू शकेल. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या, माशांना वीण होऊ द्यायची, ही मासेमारी बंदी त्याच्या ओळखीची आहे.

आणखी एक युक्तिवाद शहाणपणाचा आव आणून केला जातो. समुद्र तापतोच आहे, प्रवाळ पांढरे पडून मरतातच आहेत, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ साली थायलंडनं ते पाहिलं. मग माझ्या चार हातपाय मारण्यानं असा काय फरक पडणार? यातली पहिली तीन विधानं खरी आहेत. पण तापानं फणफणलेल्या माणसाला उपाशी ठेवलं तरी चालतं, असं कोणता वैद्य म्हणेल? गाळ, सांडपाणी, नांगर यांचा ताण नसलेला प्रवाळ उष्णतेच्या लाटेतून सावरण्याची शक्यता जास्त, हे या विषयातल्या अभ्यासकांचं सांगणं आहे. जगाचं तापमान क्राबीचा रखवालदार कमी करू शकत नाही. नांगर तो थांबवू शकतो, म्हणून तेवढं तो करतो. थायलंडनं २०२१ साली सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली, तीही याच न्यायानं. आणि प्रवाळाचं काय एवढं, असं वाटत असेल तर पायाखाली पाहावं. ज्या पांढऱ्या वाळूवर फोटोसाठी उड्या मारतो ती अशा किनाऱ्यांवर बरीचशी प्रवाळाची आणि शिंपल्यांचीच पूड असते. पोपटमासा चोचीनं प्रवाळ कुरतडतो आणि वाळू करून टाकतो. प्रवाळ संपला की वाळूचा पुरवठाही संपला.

'आपल्याला असले नियम झेपत नाहीत, आपली संस्कृती वेगळी' असंही ऐकू येतं. हे तर सपशेल खोटं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याहून माणसं पहाटे उठून जातात. दोरीच्या मागे उभी राहतात, आवाज करत नाहीत, पिल्लाला हात लावत नाहीत आणि समाधानानं परत येतात. पिल्लू हातात घेऊ दिलं नाही म्हणून पैसे परत मागणारा माझ्या ऐकिवात नाही. मग वेळासला जो शहाणपणा जमतो तो फुकेतच्या विमानात कुठे हरवतो? फरक माणसात नाही, अपेक्षेत आहे. वेळासला जाताना आपल्याला सांगितलेलं असतं की तिथे बघायचं आहे. माया बेला जाताना सांगितलेलं असतं की तिथे मजा करायची आहे.

नियम केला की तो पवित्र झाला, असं मी म्हणत नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलं वाचवायला तारेचं कुंपण घातलं होतं. गुरांच्या चरण्याशी त्या फुलांचं नातं आहे, कुंपणानं उलट नुकसान होतं, असं अभ्यासक सांगत राहिले आणि काही वर्षांनी ते कुंपण काढावं लागलं. माया बेच्या नियमांचीही अशीच झडती घेतली पाहिजे. मला स्वतःला दिवसाचा चार हजारांचा आकडा जास्त वाटतो. लोह सामाहच्या बाजूला एकामागून एक लागणाऱ्या बोटींचा तिथल्या पाण्यावर काय परिणाम होतो, याचा हिशेब उद्यानानं लोकांपुढे ठेवावा, असंही वाटतं. पण ही टीका नियम जास्त नेमका व्हावा म्हणून आहे. 'माझ्या मजेत आड आला' ही टीका नव्हे, कुरकुर आहे.

आणि कुरकुर करायचीच असेल तर ती योग्य दारात करावी. उपसागर २०२२ पासून या नियमांवर चालू आहे. ते गुपित नाहीत. तरीही सहल विकणाऱ्यांच्या पत्रकांवर आजही निळ्या पाण्यात डुंबणारी जोडपी आणि किनाऱ्याला लागलेल्या लांब शेपटीच्या होड्या दिसतात. खाली मोठ्या अक्षरांत माया बे. ऑगस्टातल्या सहलीच्या कार्यक्रमातही कधी कधी त्याचं नाव छापलेलं असतं, तेव्हा तर उपसागर बंदच असतो. फसवणूक झाली असेल तर ती इथे झाली, आणि ती करणारा रखवालदार नाही. तो उन्हात उभा राहून तेच सांगतो जे आपल्याला आरक्षण करताना आपल्याच भाषेत सांगायला हवं होतं. पोहायची हौस असेल तर त्याच सहलीत बांबू बेट असतं, शेजारच्या फी फी डॉन बेटाचे किनारे असतात. तिथे खुशाल उतरावं.

तेव्हा पैसे भरण्याआधी सहलवाल्याला तीन प्रश्न विचारावेत: त्या तारखेला माया बे उघडा आहे का, तिथे नेमकं काय करता येतं, आणि पोहायला आम्हाला कुठे नेणार? उत्तरं लेखी मागावीत. गोलमोल उत्तर आलं तर दुसरा सहलवाला शोधावा. नीट उत्तर आलं आणि तरीही नुसतं बघण्यासाठी जाण्यात राम वाटत नसेल, तर माया बे कार्यक्रमातून काढून टाकावा. तेवढं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. नाही ते एवढंच, की जाणार तर मीच आणि माझ्या अटींवर. अशा अटींवर गेलेल्या माणसांनीच तो उपसागर एकदा संपवून दाखवला आहे.